मातृभाषेचा रकाना

दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाचे दिवस आले की आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या वाट्याला अर्ज तपासण्याचे काम येते. नाव, जात, टक्केवारी, बँकेचे खाते अशा रकान्यांच्या गर्दीत 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. तो कोणी वाचत नाही. विद्यार्थी तेथे 'मराठी' लिहितो, आम्ही बाजूला बरोबरची खूण करतो आणि पुढच्या अर्जाकडे वळतो. इतकी वर्षे आम्ही हेच केले. काही वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या एका गावातून आलेला मुलगा याच रकान्यापाशी पेन उचलून थांबला. काय झाले असे विचारल्यावर म्हणाला, "सर, घरी आजी कोलामी बोलते. पन थे फॉर्मवर चालते का जी?"

आम्ही त्याला 'मराठी' लिहायला सांगितले. रांग मोठी होती, हे खरे आहे. परंतु रांग नसती तरी आम्ही दुसरे काही सांगितले असते असे आज छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे वाचले त्याचा हा वृत्तान्त आहे. आमच्यापैकी कोणी भाषावैज्ञानिक नाही. एम.ए.ला मराठी घेतलेल्या आणि पुढे तीच शिकवून पोट भरणाऱ्या माणसांचे हे लेखन आहे, त्यामुळे त्यात आमच्या विषयाची उलटतपासणी अधूनमधून येईल, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

प्रथम भूगोल. देवळीहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की भिडी मागे पडते आणि थोड्याच वेळात वर्धा नदी येते. ही नदी म्हणजे दोन जिल्ह्यांची सीमा. पलीकडे कळंब, मग यवतमाळ, आणि तेथून पूर्वेस व दक्षिणेस राळेगाव, केळापूर, वणी, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी हा टेकड्यांचा आणि सागवानाचा मुलूख. कोलामांची मुख्य वस्ती याच मुलखात. वर्धा जिल्ह्यातही त्यांची गावे आहेत, नांदेडच्या किनवट भागात आहेत, चंद्रपूरला आहेत, आणि पैनगंगेपलीकडे आज तेलंगणात असलेल्या आदिलाबादच्या डोंगरांतही आहेत. कोलामांच्या वस्तीला आपल्याकडे 'पोड' म्हणतात. सरकारी कागदांतही 'कोलाम पोड' हाच शब्द चालतो. गावापासून जरा फटकून, बहुधा चढावर, मोजक्या घरांचे पोड, मध्ये सर्वांची चावडी, आणि वस्तीचा प्रमुख नाईक, अशी ही जुनी घडण. महाराष्ट्रात केंद्र सरकारने 'आदिम' म्हणून वेगळ्या काढलेल्या जमाती तीनच : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. हे वर्गीकरण आम्हांला बरे वाटत नाही, पण त्या यादीमुळेच कोलाम हे नाव शहरातल्या माणसाने ऐकलेले असते.

ही माणसे स्वतःला 'कोलावर' म्हणवतात. त्यांची भाषा द्राविड कुळातली आहे. हे वाक्य आम्ही वर्गात उच्चारले तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास दिसला, तो आमच्याही चेहऱ्यावर कधीतरी उमटला असावा. आमच्या भाषाविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत द्राविडी कुळ म्हणजे तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशी चार नावे आणि शेवटी 'इत्यादी'. चार नावांना गुण मिळतात. त्या 'इत्यादी'चा एक तुकडा आमच्या महाविद्यालयाच्या बाकावर बसलेला असतो, हे आम्हांला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही पुढे कोणाला शिकवले नाही.

कोलामी तेलुगूची बोली नाही, गोंडीचीही नाही, हे मात्र विद्वानांनी फार पूर्वी ओळखले होते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात मुंडा आणि द्राविड भाषा आहेत आणि तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने सिद्ध केला. कोलामी शेजारच्या गोंडीहून बरीच वेगळी आहे, ती कुठे तेलुगूशी तर कुठे कन्नडशी जुळते, आणि काही बाबतींत तर थेट निलगिरीवरच्या तोडांच्या भाषेशी तिचे साम्य दिसते, अशी निरीक्षणे त्यात आहेत. पुढे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात कोलामांना स्थान मिळाले, पण एक छोटी नोंद म्हणून. साहेबाच्या लेखी ते गोंडांच्या सावलीतले लोक होते.

वस्तुस्थिती त्याहून गुंतागुंतीची होती. आदिलाबादच्या गोंडांवर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मोठे काम केले. गोंडांकडे राजे होते, जमिनी होत्या, गाईगुरे होती. कोलाम डोंगरउतारावर झाडोरा तोडून, कुदळीने भुई उकरून ज्वारी-तीळ पेरणारे. तरीही त्या भूमीच्या देवांची पूजा करायची तर गोंड कोलाम पुजाऱ्याला बोलावीत, आणि त्या भागात गोंडांनी कोलामांना दिलेले नावही 'पुजारी' असेच आहे. डोंगरावर आधी कोण आले याची आठवण धनवान शेजाऱ्याने धर्मविधीत जपून ठेवली होती, असे यावरून आम्हांला वाटते. राखीव जंगलाचे कायदे आले तशी डोंगरउतारावरची फिरती शेती गेली आणि कोलाम खालच्या गावांत मजूर झाले, कूळ झाले, बांबूच्या टोपल्या-सुपे विकू लागले. भाषेच्या दृष्टीने ही घटना निर्णायक आहे. पोडात कोलामी पुरते. बाजारात, सावकाराच्या ओट्यावर आणि जंगल नाकेदारासमोर पुरत नाही.

आता ज्या माणसाविषयी सांगायचे आहे त्याचे नाव मराठी वाचकाला बहुधा परिचित नसेल. मरे बार्न्सन एमेनो. जन्म १९०४, कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथील लुनेनबर्ग गावचा. संस्कृतचा पदवीधर, येल विद्यापीठात एडवर्ड सपीर याच्याकडे भाषाविज्ञान शिकलेला. १९३५ ते १९३८ अशी तीन वर्षे हा मनुष्य भारतात होता. तोडा, कोटा, बडगा या निलगिरीच्या भाषांवर त्याने काम केले, कोडगूवर केले, आणि त्याच भारतभेटीत कोलामीवर. कोलामीची जी बोली त्याने टिपली ती आमच्या वर्धा जिल्ह्यातली. तोडाशी साम्य आहे हे कोनोचे वाक्य वाचून तो इकडे वळला असे आम्ही म्हणणार नाही, पण निलगिरीहून वर्ध्याला येण्याची वाट त्याच्या डोक्यात कशी आखली गेली असेल याचा तर्क करण्याचा मोह आवरत नाही. ते टिपण 'कोलामी : एक द्राविड भाषा' या नावाने कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५५ साली इंग्रजीत छापले. पुढे १९६१ साली एमेनो आणि टॉमस बरो यांचा द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश आला, १९८४ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. जगात कोणीही द्राविड शब्दाचे मूळ शोधू लागला की हा कोश उघडतो. त्यात पानोपानी कोलामी शब्द आहेत, आणि त्यांतले कित्येक वर्ध्याचे आहेत. म्हणजे आमच्या जिल्ह्यातील काही अनाम माणसांचा आवाज बर्कलीच्या मार्गाने जगभरच्या ग्रंथालयांत पोचला. एमेनो २००५ साली वयाच्या एकशे एकाव्या वर्षी वारला. आमच्याकडे त्याची वार्ता आल्याचे आम्हांला स्मरत नाही.

या नोंदींतले चार शब्द येथे द्यावेसे वाटतात. घराला कोलामीत 'एल्ला', विस्तवाला 'किस', डोळ्याला 'कन', पाण्याला 'ईर'. तेलुगू जाणणाऱ्याला 'इल्लू' आणि 'कन्नू' लगेच आठवतील. 'ईर' पाहा. तमिळमध्ये 'नीर', तेलुगूत 'नीरु', कोलामीने आरंभीचा नकार गाळला. आणि आम्ही ज्या 'नीर' शब्दाला संस्कृताचा ठेवा समजून कवितेच्या रसग्रहणात 'तत्सम' असे लिहितो, तो संस्कृतात द्राविडांकडूनच आला असे अनेक अभ्यासक मानतात. पोडातली म्हातारी मडक्यातून ईर काढते आणि आमचा कवी नीर ढाळतो, दोघे एकाच झऱ्यावरचे.

कोलामीच्या व्याकरणात लिंगे दोनच आहेत : एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाकी सारे, म्हणजे बाई, बैल, दगड, पाऊस. हे वर्गात सांगितले तर मुली हसतात आणि मग रागावतात. मराठीत तीन लिंगे असून स्त्रियांचे कितपत भले झाले हा प्रश्न त्यांतलीच एखादी विचारते, आणि तास संपतो.

मराठी आणि द्राविड यांच्या नात्याची चर्चा आपल्याकडे नवी नाही. शं. बा. जोशी यांनी 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' या १९५२च्या ग्रंथात कानडी मुळांकडे बोट दाखवले. विश्वनाथ खैरे यांचे 'द्रविड महाराष्ट्र' १९७७ साली आले. या दोन्ही पुस्तकांवर आमच्या विद्यार्थिदशेत कडाक्याचे वाद झाले. 'आम्ही' आणि 'आपण' हा मराठीतला भेद हिंदीत या रीतीने नाही, तो तमिळ-तेलुगूच्या संगतीने आला, हे उदाहरण तेव्हाच पाठ झाले होते. ऐकणाऱ्याला वगळायचे तर आम्ही, सामावून घ्यायचे तर आपण. पण सारा वाद दक्षिणेकडे, कृष्णेच्या आणि भीमेच्या काठाकडे तोंड करून चालला. वादात कोणीही मान वळवून यवतमाळच्या टेकड्यांकडे पाहिले नाही. द्राविड महाराष्ट्र हा आमच्यासाठी प्राचीन इतिहासाचा प्रश्न होता. तो एस.टी.च्या थांब्यावर आमच्या शेजारी बसून कोलामीत बोलत होता.

या संदर्भात एका मराठी माणसाचे ऋण सांगितलेच पाहिजे. सेतुमाधवराव पगडी म्हटले की शिवकाल, मोगल-मराठा संघर्ष, फारसी साधने, असेच डोळ्यांपुढे येते. १९१० साली निलंग्याला जन्मलेले पगडी निजामाच्या राज्यात मुलकी अधिकारी होते आणि आदिवासींच्या कामासाठी आदिलाबाद भागात राहिले होते. १९४० साली कोमरम भीम याच्या नेतृत्वाखाली गोंड आणि कोलामांनी जंगल-जमिनीसाठी तेथे उठाव केला, तो निजामाच्या पोलिसांनी गोळीबाराने मोडला. त्यानंतर हादरलेल्या सरकारने हायमेनडॉर्फला पाहणीसाठी नेमले, आणि १९४३ साली मारलवाई येथे आदिवासी शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे गोंडीची क्रमिक पुस्तके झाली, तीही देवनागरी लिपीत. पगडी या प्रयत्नांच्या पिढीतले. त्यांनी १९५० साली कोलामीचे व्याकरण छापले, पुढे गोंडीचेही. 'पी. सेतुमाधव राव' या नावाने ती इंग्रजी पुस्तके निघाल्यामुळे कित्येकांना हे आपलेच पगडी हे कळत नाही. आम्हांलाही उशिरा कळले. औरंगजेबाच्या दरबारची फारसी अखबारे मराठीत आणणारा माणूस कोलामाच्या क्रियापदांचे तक्ते मांडत बसला होता, ही गोष्ट आम्हांला त्यांच्या शिवचरित्रविषयक लेखनाइतकीच मोलाची वाटते. दुर्दैव असे की कोलामीची ही दोन्ही व्याकरणे, एमेनोचे आणि पगडींचे, इंग्रजीत आहेत. कोलाम मुलाने ती वाचायची तर आधी दोन भाषा ओलांडून जावे लागते.

आता वर्ध्याकडे परत येतो, कारण आमचा खरा प्रश्न येथे आहे. एमेनो भारतात होता त्याच वर्षांत वर्धा हे देशाच्या भाषाविचाराचे केंद्र झाले होते. १९३६ साली गांधीजी शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहायला आले. त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि सात वर्षांचे मोफत सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव तेथे झाला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावरून नयी तालीमची योजना रचली, फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ती उचलून धरली. मातृभाषेतून शिक्षण ही कल्पना आज साऱ्या देशाला 'वर्धा योजना' म्हणून ठाऊक आहे.

त्या योजनेबद्दल आम्हांला आदर आहे. आमच्यापैकी दोघांचे वडील नयी तालीमच्या शाळेत सूत कातून शिकले. तरीही एक गोष्ट टोचत राहते. मातृभाषा हा शब्द उच्चारला गेला तेव्हा डोळ्यांपुढे मराठी, गुजराती, तेलुगू, बंगाली अशा प्रांतभाषा होत्या. इंग्रजी हा प्रतिपक्ष होता. ज्या जिल्ह्यात ठराव झाला त्याच जिल्ह्यात एक वेगळी मातृभाषा होती, एक परदेशी पाहुणा ती लिहून घेत होता, आणि ठरावाच्या भाषेत तिला जागा नव्हती. कोलाम मुलाच्या दृष्टीने इंग्रजी जाऊन मराठी आली, एवढेच. कोणी हेतुपुरस्सर वगळले असे नाही. ती दिसलीच नाही. पुढे १९५६ साली राज्यघटनेत कलम ३५०-अ आले, प्राथमिक शिक्षण अल्पसंख्य भाषिक मुलांना मातृभाषेतून मिळावे असे त्यात म्हटले आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातही तशी तरतूद आहे, मात्र 'शक्यतोवर' या शब्दासकट. 'शक्यतोवर' हा शब्द शासनव्यवहारात किती लवचीक असतो हे नोकरदार वाचकांना सांगायला नको.

१९५६ हेच वर्ष कोलामांसाठी दुसऱ्या अर्थाने महत्त्वाचे. हैदराबाद संस्थानाचा आदिलाबाद जिल्हा फुटला : किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले, उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला, २०१४ पासून तो तेलंगणात आहे. भाषावार प्रांतरचना झाली ती मराठी आणि तेलुगू या भाषांची. कोलामीच्या मधून रेघ गेली. आज पैनगंगेच्या एका तीरावरचा कोलाम मुलगा देवनागरीत शिकतो, दुसऱ्या तीरावरचा त्याचा मामेभाऊ तेलुगू लिपीत. उद्या दोघांनी एकमेकांना कोलामीत पत्र लिहायचे ठरवले तर कोणत्या अक्षरांत लिहावे?

अशी रेघ ओढली गेलेला आणखी एक डोंगरी समाज आहे, आणि त्याच्याविषयी वाचताना आम्हांला आमच्या रकान्याचे कोडे अधिक उलगडले. उत्तर इटलीत आल्प्स पर्वताच्या डोलोमाइट रांगांत लादिन नावाची भाषा बोलणारे सुमारे तीस हजार लोक आहेत. गार्देना, बादिया, फासा, फोदोम आणि आम्पेत्सो अशी त्यांची पाच खोरी. लॅटिनपासून निघालेली पण इटालियनहून निराळी अशी ही भाषा आहे, हे आस्कोली या पंडिताने १८७३ साली साधार मांडले. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता, नंतर इटलीने घेतला. ५ मे १९२० रोजी एका खिंडीत जमून लादिन लोकांनी निळा-पांढरा-हिरवा ध्वज उभारला. मुसोलिनीच्या राजवटीने त्यांची विभागणी बोल्झानो, त्रेन्तो आणि बेल्लुनो अशा तीन प्रांतांत केली. १९३९ साली हिटलर-मुसोलिनी करारानुसार त्यांना जर्मनीत जा किंवा इटालियन होऊन राहा, असा पर्याय देण्यात आला. लादिन असणे हा पर्यायच कागदावर नव्हता. हे वाचताना आमच्या प्रवेश-अर्जाची आठवण आली. तुलना मर्यादेत ठेवली पाहिजे, आमच्या कोलामांवर कोणी देशांतराची सक्ती केली नाही. पण कागदावर नसलेल्या माणसाची अवस्था दोन्हीकडे ओळखीची आहे.

युद्धानंतर, १४ जुलै १९४६ रोजी, सेल्ला खिंडीत हजारो लादिन जमले आणि आम्ही तिसरा समाज आहोत असे त्यांनी जाहीर केले. १९४८ पासून गार्देना आणि बादिया खोऱ्यांतल्या शाळांत एक वेगळी रीत सुरू झाली : काही विषय इटालियनमधून, काही जर्मनमधून, दोन्ही समसमान, आणि लादिन स्वतः विषय म्हणून व वर्गातल्या आधाराची भाषा म्हणून. १९७२ साली स्वायत्ततेचा दुसरा कायदा झाला. १९७०च्या दशकात दोन खोऱ्यांत दोन लादिन संस्था उभ्या राहिल्या, २००१ साली सान मार्तिन गावच्या जुन्या गढीत लादिन संग्रहालय उघडले. त्यांचे साप्ताहिक आहे, नभोवाणी-दूरचित्रवाणीवर कार्यक्रम आहेत.

यात आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटले ते जनगणनेचे. बोल्झानो प्रांतात प्रत्येकाला आपला भाषागट जाहीर करावा लागतो, आणि त्या आकड्यांच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या व अनुदाने वाटली जातात. २०११ साली तेथे २०,५४८ जणांनी आपण लादिन असल्याचे लिहून दिले. अवघे साडेचार टक्के. पण त्या रकान्याला वजन आहे. तेथे काही लिहिले तर पुढे काही घडते. बेल्लुनो प्रांतातल्या लादिनांना मात्र असे संरक्षण नाही. म्हणून २००७ साली कोर्तिना द'आम्पेत्सोसह तीन गावांनी आम्हांला बोल्झानोशी जोडा असा मोठ्या बहुमताने कौल दिला. तो अद्याप अंमलात आलेला नाही. एकच भाषा, एकच डोंगर, आणि प्रांताच्या हद्दीबरोबर भाषेचे भाग्य बदलते.

सारे आलबेल आहे असेही नाही. पाच खोऱ्यांच्या बोली भिन्न, सर्वांसाठी एक प्रमाण लादिन घडवण्याचे काम हाइनरिख श्मिड या स्विस अभ्यासकाकडे सोपवले गेले, आणि ते प्रमाणरूप शाळा-कचेऱ्यांनी पूर्णपणे स्वीकारले नाही. आमच्या खोऱ्याची भाषा ती खरी, असे प्रत्येक खोऱ्याला वाटते. आम्हां वऱ्हाडी माणसांना यात नवल वाटत नाही. लहानपणी शाळेत 'करून राह्यलो' म्हटल्याबद्दल आमच्याही तळहातावर छड्या बसल्या आहेत. नंतर आम्ही मास्तर झालो आणि मुलांच्या वहीत तेच शब्द लाल शाईने खोडू लागलो. एक खोडलेला दुसऱ्याला खोडतो.

आकड्यांकडे येतो. २०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात कोलामी ही मातृभाषा सांगणारे १,२८,४५१ लोक होते. म्हणजे लादिनच्या चौपट. त्याच जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात कोलाम जमातीची लोकसंख्या १,९४,६७१ आहे. या दोन आकड्यांची वजाबाकी करून इतक्यांनी भाषा गमावली असे एका चर्चासत्रात आम्ही ऐकले, पण ते बरोबर नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत कोलाम आणि मन्नेरवारलू ही नावे एकत्र आहेत, आणि मन्नेरवारलूंच्या घरी तेलुगू चालते. शिवाय मातृभाषेचा आकडा प्रगणक काय विचारतो आणि दारातला माणूस काय सांगतो यावर ठरतो. आमच्या विद्यार्थ्याने अर्जावर 'मराठी' लिहिले, तो प्रगणकालाही तेच सांगेल. उलट असेही कोणी असेल की जो कोलामी सांगतो आणि नातवाशी मराठीत बोलतो.

तरीही एक लक्ष लोकांच्या भाषेत वर्तमानपत्र नाही, आणि जे काही छापले गेले ते बहुतांशी अभ्यासकांनी अभ्यासकांसाठी. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा मराठी खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, तो २०१३ साली आला. कोलामीला तेथे मराठी वाचकांसमोर उभे राहायला जागा मिळाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. त्या दिवशी झालेल्या भाषणांत मराठीचे वय किती शतकांचे यावर बराच भर होता. मराठीच्या आधीपासून या टेकड्यांवर कोण काय बोलत होते, हे कोणी काढले नाही. आमच्यापैकी एकाला बोलण्याची संधी होती. त्याने ज्ञानेश्वरीवर बोलणे पसंत केले.

फेब्रुवारी २०२४ पासून वर्धा ते कळंब रेल्वे सुरू झाली आणि देवळीला स्थानक मिळाले. त्या गाडीने आम्ही एका रविवारी नदी ओलांडली. तो जुना विद्यार्थी, आता पदवीधर, कळंबला घ्यायला आला होता. तेथून दुचाकीवर त्याच्या पोडावर गेलो. आजी चावडीच्या ओट्यावर बसली होती. आम्ही कागदावरून वाचत तिला विचारले, पाण्याला तुमच्यात काय म्हणतात? ती म्हणाली, "ईर." आणि मग हसून नातवाला काही बोलली. त्याने मराठीत सांगितले, "म्हणते, मास्तरले पाणी पायजे असन, दे."

पाणी पिऊन झाल्यावर आम्ही तिला दहापर्यंत मोजायला सांगितले. ओक्कोद, इंदिंग, मूंदिंग, नालिंग. पाचपासून पुढचे आकडे तेलुगू वळणाचे. पुस्तकातही तसेच आहे : चारपर्यंत कोलामीचे स्वतःचे, पाच ते दहा तेलुगूकडून उसने. दहाला ती थांबली. नातवाने पुढे मोजायला सुरुवात केली : अकरा, बारा, तेरा.